उकारुम्पाहून ताईस पत्र

उकारुम्पा, ईस्टर्न हायलंड्स,
पापुआ न्यू गिनी

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद, आणि प्रभूच्या नावात सलाम.

तुझे पत्र काल रात्री वाचले आणि आज सकाळी कामाला बसण्याआधी पुन्हा वाचले. येत्या घरभेटीत आम्ही नगरला आजीजवळ आणि पुण्याला तुझ्याजवळ निवांत राहावे, राहुरी, वडाळा, संगमनेर असे गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून फिरू नये, आणि फिरायचेच असेल तर निदान तुला सोबत नेऊ नये, असे तू स्पष्ट लिहिले आहेस. अहवाल ईमेलने जातो, फोनवर एकमेकांचे चेहरे दिसतात, पैसे बँकेतून वळते होतात, मग प्रत्यक्ष जाऊन लोकांसमोर उभे राहण्याची गरज काय, हा तुझा प्रश्न आहे. तुझ्या वयाच्या मुलीने तो विचारावा हे मला योग्यच वाटते. दोन ओळींत त्याचे उत्तर देणे बरे दिसणार नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

आधी तुझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणींविषयी. आईबाबा परदेशात बायबलचे भाषांतर करतात, असे तू त्यांना सांगतेस. ते तसे नाही, आणि हा फरक माझ्या पुढच्या म्हणण्यासाठी महत्त्वाचा आहे. भाषांतर इथली माणसे करतात, ज्यांची ती मातृभाषा आहे तीच. या देशात आठशेहून अधिक भाषा आहेत; जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशात एवढ्या नाहीत. डोंगर, दलदली आणि समुद्र यांनी माणसे एकमेकांपासून इतकी तोडलेली आहेत की एका खोऱ्यातले बोलणे शेजारच्या खोऱ्यात कळेलच असे नाही, आणि यांतल्या कित्येक भाषा बोलणारे लोक आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढेही नाहीत. टोक पिसिन ही सर्वांची संपर्कभाषा. तिच्यात नवा करार १९६९ मध्ये आणि संपूर्ण बायबल १९८९ मध्ये छापले गेले. बाजारात, सरकारी कचेरीत, प्रवासात ती पुरते. पण घरात कोणी वारल्यावर बायका ज्या भाषेत शोक करतात, नवराबायको ज्या भाषेत भांडतात आणि म्हातारी माणसे ज्या भाषेत नातवंडांना शहाणपण शिकवतात, ती भाषा वेगळी असते, आणि पवित्र शास्त्र त्या भाषेत असावे असा आग्रह प्रथम गावातली माणसेच धरतात.

एसआयएल ही भाषाशास्त्राची संस्था या देशात १९५६ पासून आहे, आणि आयूरा खोऱ्यातले हे उकारुम्पा तिचे मुख्य केंद्र, हे तुला ठाऊक आहे. तू इथेच वाढलीस. मात्र भाषांतराचे काम कसे पुढे सरकते हे लहानपणी तुझ्या नजरेसमोरून गेले असले तरी तू कधी लक्ष देऊन पाहिले असशील असे वाटत नाही. गावातले दोघे-तिघे भाषांतरकार मसुदा लिहितात. मग तो गटात बसून तपासतात. मग ज्यांनी तो मजकूर आधी कधी ऐकलेला नाही अशा गावकऱ्यांना वाचून दाखवतात आणि काय समजले ते विचारतात. त्यानंतर त्याचे पुन्हा टोक पिसिनमध्ये किंवा इंग्रजीत शब्दशः रूपांतर करतात, म्हणजे ती भाषा न जाणणाऱ्या सल्लागाराला तो ग्रीक मजकुराशी ताडून पाहता येतो. सल्लागाराच्या शंकांनंतर दुरुस्त्या होतात, त्या दुरुस्त्या पुन्हा गावात जातात. नुसत्या नव्या करारालाच पंधरा-वीस वर्षे लागणे यात काही असाधारण नाही. या काळात भाषांतरकारांपैकी कोणी म्हातारा होतो, कोणी आजारी पडतो, कोणी नोकरीसाठी लाए शहरात निघून जातो, आणि उरलेले पुढे चालू ठेवतात.

या सगळ्याच्या शेवटी मजकूर माझ्या टेबलावर येतो. नव्या कराराची सत्तावीस पुस्तके, दोनशे साठ अध्याय, जवळपास आठ हजार वचने. पॅराटेक्स्ट नावाच्या प्रणालीत मी ती उघडते आणि एकेक गोष्ट पाहत जाते: कोणते वचन गळले आहे काय, उघडलेले अवतरणचिन्ह मिटले आहे काय, एकच नाव मत्तयात एका प्रकारे आणि प्रेषितांच्या कृत्यांत दुसऱ्या प्रकारे लिहिले गेले आहे काय, ओळीच्या शेवटी शब्द भलत्या ठिकाणी तुटतो आहे काय, नकाशावरची गावे आणि मजकुरातली गावे जुळतात काय. मग पानांची रचना. त्या भाषेतल्या खास उच्चारांसाठी जी चिन्हे लागतात ती प्रत्येक आकारात नीट उमटली पाहिजेत. भाषांतरकार मंडळी गावाहून येऊन इथे मुक्काम करतात आणि संपूर्ण मजकूर मोठ्याने वाचला जातो. आम्ही सगळे ओळीवर बोट ठेवून ऐकत असतो. अखेरच्या दिवशी ते सह्या करतात आणि धारिका छापखान्याकडे जाते. मला त्या भाषेतले एक वाक्यही बोलता येत नसते, तरी तिचे प्रत्येक पान माझ्या नजरेखालून गेलेले असते.

बाबांचे काम तर पुस्तकापासून आणखी दूरचे आहे. ते हँगरमध्ये कोडियाक विमानांची देखभाल करतात. राजधानी पोर्ट मोर्सबीहून इकडे हायलंड्समध्ये यायला आजही रस्ता नाही. लाएहून निघणारा महामार्ग डोंगर चढून गोरोका आणि माउंट हेगनकडे जातो, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या कितीतरी गावांना गवती धावपट्टीखेरीज बाहेरच्या जगाशी जोडणारे काही नाही. जिथे चालत जायला दिवसच्या दिवस लागतात तिथे विमान थोड्या वेळात पोहोचते, भाषांतरकाराला घेऊन येते, औषधे आणि पुस्तकांची खोकी नेते. एखाद्या बोल्टची नोंद राहिली तर ते विमान उडत नाही, आणि ती नोंद ठेवणारा माणूस तुझा बाप आहे. तेव्हा मैत्रिणींना सांगायचे तर असे सांग की आम्ही भाषांतर करणाऱ्यांच्या मागे उभे राहणारी माणसे आहोत.

आणि आमच्या मागे नगर जिल्ह्यातली माणसे उभी आहेत. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. आम्हां दोघांना इथे पगार मिळत नाही. आमचा खर्च आपल्याकडच्या काही मंडळ्या आणि काही कुटुंबे उचलतात, हे तुला माहीत आहे, पण ते कसे होते ते मला तुला नीट दाखवावेसे वाटते. कापणीच्या सणाला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, भोपळे, ज्वारीची कणसे, अंडी, कोंबड्या, घरच्या शेवया येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एखादा माणूस भोपळा विकत घेतो आणि तिथल्या तिथे पुन्हा दानात देतो, मग तोच भोपळा दुसरा घेतो. त्या दिवशी जमलेल्या रकमेतला वाटा आमच्याकडे येतो. एका मंडळीतल्या विधवा बहिणी दर महिन्याला आपसांत थोडे थोडे पैसे जमवतात आणि पाळकसाहेबांच्या हाती देतात. त्यांच्यातल्या बहुतेक जणी दुसऱ्यांच्या शेतावर खुरपणीला जातात. मिझोरामच्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवण्याची रीत शंभराहून अधिक वर्षे चालू आहे आणि त्या मुठींवर तिकडची मंडळी आपले सेवक दूरदूर पाठवते. आपल्याकडच्या त्या बहिणींनी मिझोराम पाहिलेला नाही, पण त्या करतात ते याहून निराळे नाही.

आता तुझा प्रश्न. या बहिणींना ईमेल पाठवून चालेल काय? त्यांच्यातल्या काहींना तो कोणी तरी वाचून दाखवतो आणि त्या ऐकतातही. पण ताई, पत्रात काय लिहायचे ते मी ठरवते. मी कितीही प्रामाणिक राहिले तरी विमान सुखरूप उतरल्याची बातमी आणि पुस्तक छापून आल्याचा आनंद यांना पत्रात आपोआप जागा मिळते, आणि ज्या गावात पुस्तक पोहोचल्यावरही फारसे वाचले जात नाही त्या गावाची गोष्ट पुढच्या वेळेवर जाते. मंडळीत मी समोर बसते तेव्हा काय विचारायचे ते ती माणसे ठरवतात. घरभेटीची खरी गरज ही आहे. जो पैसा देतो आणि जो प्रार्थना करतो त्याला समोरासमोर प्रश्न विचारता आला पाहिजे, आणि ज्याला पाठवले आहे त्याने त्या प्रश्नापुढे बसले पाहिजे.

ते प्रश्न कसे असतात हे तू लहान असताना माझ्या मांडीवर झोपून गेल्यामुळे तुला ठाऊक नसावे. वडाळ्याला एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले की त्या लोकांकडे पाऊस पडतो काय, ते काय पेरतात, आणि जमीन कोणाच्या नावावर असते. मी सांगितले की पाऊस भरपूर पडतो, मुख्य पीक रताळ्याचे, आणि जमीन बहुतेक ठिकाणी एकट्या माणसाची नसून कुळाची असते. त्यावर ते बराच वेळ विचार करीत राहिले आणि म्हणाले, "मग सावकार तिथे जमीन कशी नेणार?" इतका अचूक प्रश्न मला कोणत्याही परिषदेत ऐकायला मिळालेला नाही. राहुरीत एका शिक्षिकेने विचारले की पुस्तक छापण्याआधी त्या लोकांना वाचायला कोण शिकवते. लिपी ठरवणे, बाराखडीची पुस्तके करणे, गावातल्या तरुणांना वाचनवर्ग चालवण्याचे शिक्षण देणे, हे सगळे भाषांतराच्या बरोबरीने करावे लागते, आणि ते जिथे मागे पडते तिथे पुस्तके खोक्यांत राहतात, हे मी त्यांना सांगितले. आता ध्वनिमुद्रित वचने सौरऊर्जेवरच्या छोट्या यंत्रांत आणि फोनच्या कार्डांवर दिली जातात, कारण ऐकणारे वाचणाऱ्यांपेक्षा फार अधिक आहेत. ही गोष्ट त्या बाईंनी विचारली नसती तर मी कदाचित तितक्या स्पष्टपणे मांडली नसती.

सर्वांत अवघड प्रश्न नेहमी मागच्या रांगेतून येतो. इथे आपल्या जिल्ह्यात मुले शाळा सोडून ऊसतोडीला जातात, विहिरी आटतात, देवळाचे पत्रे गळतात, आणि तुम्ही आमचे पैसे घेऊन समुद्रापलीकडे कशाला जाता? हा प्रश्न रागाने विचारला जातो तेव्हाही मला तो आवडतो, कारण विचारणारा त्या कामाला स्वतःचे समजत असतो. माझे उत्तर असे असते की दोन-तीन हजार लोकांच्या भाषेत पुस्तक छापायला जगातला कोणताही प्रकाशक पुढे येणार नाही, कारण त्यातून त्याला काही मिळायचे नाही. ते लोक स्वतः श्रम देतात, जेवण देतात, आपली शहाणी माणसे वर्षानुवर्षे या कामाला देतात. पण भाषाशास्त्राचे शिक्षण, विमान, छपाई यांचा खर्च त्यांच्या आवाक्यापलीकडचा आहे. आपली मराठी कोट्यवधींची भाषा असूनही एके काळी तिच्यासाठी हा खर्च दुसऱ्या कोणी तरी केला आहे. या उत्तराने सगळ्यांचे समाधान होते असे नाही. एका गृहस्थांनी त्यानंतर आपले दान थांबवून ते गावातल्या मुलांच्या वह्यापुस्तकांकडे वळवले आणि तसे मला तोंडावर सांगितले. मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो.

मराठीसाठी ज्यांनी हा खर्च केला त्यांच्या घरभेटींचा विचार माझ्या मनात वारंवार येतो. मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये इंग्लंडहून भारताकडे निघाले. बंगालमधल्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला आणि १८३४ मध्ये केरी तिथेच वारले. मधल्या चाळीस वर्षांत त्यांनी मायदेश एकदाही पाहिला नाही. अमेरिकन मिशनरी ॲडोनिराम जडसन यांनी ब्रह्मदेशाच्या भाषेत संपूर्ण बायबल आणले. ते १८१२ मध्ये अमेरिकेहून निघाले आणि एकदाच परत गेले, तेही १८४५ मध्ये, आणि त्या प्रवासात सेंट हेलेना बेटाजवळ त्यांच्या पत्नीचे निधन झाले. आपल्या अधिक जवळचे उदाहरण गॉर्डन हॉल यांचे. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी ते एक. मराठी नव्या कराराच्या भाषांतरात त्यांनी वर्षे घातली. मुलांच्या प्रकृतीसाठी त्यांच्या पत्नी १८२५ मध्ये दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या, हॉल काम सोडता येत नाही म्हणून मागे राहिले. एक मुलगा समुद्रप्रवासातच वारला. आणि मार्च १८२६ मध्ये नाशिकहून परतताना वाटेतल्या एका खेड्यात हॉल स्वतः कॉलऱ्याने वारले. त्याच वर्षी मुंबईच्या मिशन छापखान्यातून तो नवा करार बाहेर पडला. ज्या मंडळ्यांनी त्यांना पाठवले होते त्यांच्यापुढे उभे राहून दोन शब्द बोलण्याची संधी त्यांना मिळालीच नाही. त्या मंडळ्यांना त्यांना काही विचारताही आले नाही. आमच्याकडे ती संधी दर काही वर्षांनी येते, आणि ती मी नगरच्या घरात बसून दवडावी असे मला वाटत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर तुझ्यासाठीच आहे. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांची लहानगी मुलगी मनोरमा बरोबर होती. पुढे तिला इंग्लंडला वाँटेजच्या भगिनींकडे परत पाठवून रमाबाई अमेरिकेत गावोगाव फिरल्या आणि बोलल्या. त्यातून १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभे राहिले आणि ठिकठिकाणी मंडळे निघाली, ज्यांतल्या सभासदांनी दहा वर्षे दरसाल एक एक डॉलर द्यायचे कबूल केले. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर, १८९८ मध्ये, रमाबाई स्वतः पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि त्या डॉलरांचे काय केले ते त्यांनी लोकांपुढे ठेवले. एक डॉलर देणाऱ्या अनोळखी बाईला समोर जाऊन हिशेब देणे त्यांना आपल्या मोठेपणाला कमीपणा आणणारे वाटले नाही. त्यांच्या आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल तयार करण्यात गेली, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात आश्रमातल्याच बायका-मुलींनी त्याचे खिळे जुळवले. मी केडगावला पहिल्यांदा गेले तेव्हा त्या मुलींचा विचार फार वेळ मनात होता. त्यांनी हाताने जे केले तेच मी इथे संगणकावर करते. मनोरमा मोठी झाल्यावर आईच्या कामात आईचा उजवा हात झाली. १९२१ मध्ये ती गेली आणि पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या.

मनोरमाने तसे केले म्हणून तूही करावेस, असा याचा अर्थ तू काढशील म्हणून लगेच लिहिते की तो मला अभिप्रेत नाही. मनोरमाला ते काम स्वतःचे वाटले. तुला वाटते की नाही हे मला ठाऊक नाही, आणि ते विचारण्याचा हक्क मला आहे असेही मी मानत नाही. आम्हांला बोलावणे आले, तुला आमच्याबरोबर यावे लागले. इथल्या शाळेत तुझ्या बाकावर एकीकडे कोरियाची मुलगी आणि दुसरीकडे फिनलंडची, घरी मराठी, बाजारात टोक पिसिन, आणि घरभेटीला नगरला आलो की मंडळीतल्या मावशी तुला पुढे उभे करून "तिकडच्या भाषेत एक वचन म्हणून दाखव" म्हणत. तुला ते रुचत नसे. तुझ्या पत्रात तू लिहितेस की तुला तेव्हा प्रदर्शनात मांडल्यासारखे वाटे. त्या मावशींच्या मनात मात्र दुसरेच असे: वर्षभर ज्या मुलीचे नाव घेऊन त्या प्रार्थना करीत, जिला ताप आला असे ऐकून त्यांनी उपवास केले, ती मुलगी त्यांना डोळ्यांनी पाहायची असे आणि तिचा आवाज ऐकायचा असे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही. आता तू सज्ञान आहेस. तू यावेस अशी कोणाचीही अपेक्षा असली तरी यायचे की नाही ते तू ठरवशील, आणि तू आली नाहीस तर त्याचे कारण मी कोणाला सांगत बसणार नाही. तुझी परीक्षा किंवा तब्येत अशी खोटी सबबही पुढे करणार नाही. ताई आली नाही, एवढेच सांगेन.

घरभेट म्हणजे फक्त हिशेब असेही समजू नकोस. मला तिची स्वतःसाठीही गरज असते. उकारुम्पाची हवा महाबळेश्वरसारखी, शेजार प्रेमळ, दर रविवारी उपासना होते. पण इथे पेटी-तबल्यावर आपली अभंगाच्या चालीवरची गीते कोणी म्हणत नाही. नगरला पहिल्या रविवारी ती कानांवर पडली की माझी प्रार्थना, जी इथे इंग्रजीत आणि टोक पिसिनमध्ये वाट काढीत असते, पुन्हा सहज वाहू लागते. ज्या कामासाठी आम्ही इथे आलो ते काम का करावे याची खात्री मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या रविवारी अधिक होते, कारण स्वतःच्या भाषेत ईश्वराशी बोलणे म्हणजे काय ते तेव्हा मला माझ्याच अनुभवाने कळते.

आणि आजी. तुझे आजोबा गेले तेव्हा निरोप आम्हांला पहाटे मिळाला. इथे आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते. आयूराहून छोट्या विमानाने निघून, पोर्ट मोर्सबी, सिंगापूर, मुंबई करीत नगरला पोहोचेपर्यंत दफनविधी होऊन गेला असता, कारण आपल्याकडे तो दुसऱ्या दिवशीच होतो. आम्ही निघालो नाही. बाबा त्या दिवशी हँगरमध्ये गेले आणि नेहमीसारखे काम केले, संध्याकाळी मात्र ते जेवले नाहीत. आजीने नंतर फोनवर त्यांना एकदाही दोष दिला नाही, उलट "तुझ्या वडिलांनीच तुला पाठवले होते" असे म्हणाल्या. आता त्यांची दृष्टी अधू झाली आहे. या भेटीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे, आणि तेवढे दिवस आम्ही नगर सोडणार नाही. तेव्हा निवांत राहण्याविषयीची तुझी अर्धी मागणी आपोआप मान्य झाली आहे. त्या दिवसांत तुला सुट्टी काढता आली तर फार बरे होईल. तू जवळ असलीस की आजी औषधे न कुरकुरता घेतात हे तुलाही माहीत आहे.

मंडळ्यांच्या भेटी त्यानंतर ठेवू. सगळीकडे जाणे या वेळी होणार नाही. ज्यांना मागच्या भेटीत जाता आले नाही त्यांच्याकडे आधी. पाळकसाहेबांना बाबा लिहिणारच आहेत. मी त्यांना अशी विनंती करायला सांगितले आहे की आमच्या भाषणाला थोडाच वेळ द्यावा आणि प्रश्नांना अधिक द्यावा, आणि शक्य असेल तिथे बहिणींची बैठक वेगळी घ्यावी, कारण पुरुषांसमोर त्या विचारीत नाहीत. हारतुरे, शाली यांवर खर्च करू नये असेही कळवायचे आहे, जरी ते कोणी ऐकेल असे वाटत नाही. तुझा भाऊ या वेळी त्याच्या फोनवर काढलेली चित्रे दाखवायचे म्हणतो आहे; त्याला व्यासपीठाची भीती नाही, तुमचा दोघांचा स्वभाव वेगळा आहे आणि तो तसाच असू द्यावा.

एक गोष्ट राहिली. ज्या नव्या कराराची पाने मी गेल्या हिवाळ्यात तुझ्याशी बोलता बोलता लावीत असे, तो आता छापून झाला आहे आणि खोकी जहाजाने लाएला येत आहेत. त्याचा अर्पणविधी आम्ही भारतातून परतल्यावर गावातच होईल. धावपट्टीपासून देवळापर्यंत लोक खोकी खांद्यावर घेऊन गात-नाचत जातात, आणि जमिनीत तापलेल्या दगडांवर डुकराचे मांस व रताळी शिजवून सगळ्या गावाला जेवण घालतात, हे तू लहानपणी एकदा पाहिले आहेस. भाषांतरकारांपैकी सर्वांत वयस्कर गृहस्थांनी तुझी आठवण काढली; तू त्यांच्या घरी रताळी सोलायला बसत असस. तुला यायचे असेल तर तुझ्या जाण्यायेण्याचा खर्च आम्ही आमच्या बचतीतून करू, मंडळीच्या पैशातून नाही, हे बाबांनी मुद्दाम लिहायला सांगितले आहे. व्हिसाला वेळ लागतो, आणि तुझ्या पारपत्राची मुदत पुरेशी आहे काय हेही पाहावे लागेल. तुझ्या सत्रपरीक्षेच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच कळव, म्हणजे बाबांना तिकिटांची चौकशी करता येईल.

तुझी,
आई